मांजरीची सात घरे आणि एक गोधडी

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे लहानथोर सर्वच म्हणतात. वसईच्या वाडीत म्हणतात, खानदेशातील धाब्याच्या घरात म्हणतात, आणि खानदेश सोडून पोटासाठी सुरतेकडे गेलेल्या माणसांच्या चाळीतही म्हणतात. यातील 'सात' हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही. परंतु बाकीचे निरीक्षण खोटे नव्हे. आज धान्याच्या कोठीमागे दिसलेली पिल्ले उद्या माळ्यावर आढळतात, परवा शेजाऱ्याच्या सरपणात, आणि त्यानंतर पाहावे तो चारांतील एक कमी झालेले असते. मुले हळहळतात. "बोक्याने नेले असेल," असे आई म्हणते, आणि प्रकरण तेथेच संपते.

बोक्याचा दोष असतोही कधीकधी. परंतु मांजरीने घर मुळात का बदलले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ती हौसेने फिरत नाही. तोंडात एकेक पिलू धरून कौलांवरून, पत्र्यांवरून, गटाराच्या कडेने जाणे तिलाही कष्टाचेच आहे. जागा ओली झाली, तेथे वर्दळ वाढली, पिलांना कोणी वारंवार हाताळले, पिसवांचा सुळसुळाट झाला, किंवा गारवा लागू लागला, म्हणजे ती उठते. यांपैकी पुष्कळशा गोष्टी घरच्या माणसाला टाळता येण्याजोग्या आहेत, व त्यासाठी लागणारे साधन प्रत्येक घरातील जुन्या पेटीत पडून असते. जुने सुती लुगडे, सुई, दोरा आणि दोन दुपारचा वेळ, एवढ्यावर मांजरीचे अंथरूण होते.

"माणसांना धड अंथरूण नाही, आणि मांजरीला गोधडी!" असे कोणी म्हणेल. त्या गृहस्थास एवढेच सांगावयाचे, की या गोधडीला पैसा लागत नाही. आणि कोठीतल्या उंदरांचा बंदोबस्त जिच्याकडून आपण फुकट करून घेतो, तिला बाळंतपणाला एक कोरडा कोपरा देणे हा काही मोठा थाट नव्हे.

ही गोधडी कशी असावी व कशी नसावी, हे समजून घेण्यास भेस्तानासारखे दुसरे ठिकाण नाही. मुंबईहून उत्तरेस जाताना नवसारी मागे पडते, मरोली व सचिन ही स्थानके जातात, आणि मग भेस्तान येते; पुढचे उधना, त्यापुढचे सुरत. लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या येथे न थांबताच निघून जातात, आणि सुरतेस उतरणारे प्रवासी सामान आवरण्याच्या गडबडीत असल्यामुळे खिडकीबाहेर पाहत नाहीत. एके काळचे हे गाव आज सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. एका अंगास सचिनची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास पांडेसऱ्याची. मध्ये मागांचे कारखाने आणि कामगारांच्या खोल्या.

या टापूत मराठी बोलणे ऐकू येते ते मुख्यत्वे खानदेशाकडचे. उधन्याहून पूर्वेस तापीच्या खोऱ्यातून जी लोहमार्गाची शाखा जाते, तिने बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेस जोडली. (नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, एका बाकावर बसलेल्या दोघांची राज्ये वेगळी असू शकतात!) धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतीने ज्यांचे भागेना, ती कुटुंबे याच वाटेने मागांवर कामाला आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या भागांत वसली. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत आजही मराठी माध्यमाचे वर्ग भरतात, ते या मुलांसाठीच. गावाकडून येताना या कुटुंबांनी बरोबर काय आणले? भांडी, पाटा-वरवंटा, आणि गोधड्या.

आता हे सगळे शहरच कापडाचे आहे. कृत्रिम धाग्याच्या कापडाचे सुरत हे देशातील सर्वांत मोठे केंद्र. साड्या व ओढण्या येथून गाडीगाडीने बाहेर जातात. कापड रंगून, छापून तयार झाले तरी काम संपत नाही. साडीच्या उलट्या बाजूस लोंबणारे सुटे धागे कात्रीने कापावे लागतात, काठाला लेस लावावी लागते, टिकल्या व खडे चिकटवावे लागतात. ही कामे हजारो स्त्रिया घरी आणून करतात व नगावर पैसे घेतात. त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत एका बाजूस स्वयंपाक, दुसऱ्या बाजूस साड्यांचे ढीग, आणि सगळ्या जमिनीवर कातरलेले धागे व रंगीबेरंगी चिंध्या, असे दृश्य येथे नित्याचे आहे. त्याच ढिगात, सर्वांत मऊ जागा हेरून, घरची मांजर झोपलेली असते.

मांजर व्याली, की अशा घरातील मुलीच्या मनात पहिला विचार येतो तो या चकाकणाऱ्या चिंध्यांचा.

"आजी, या गुलाबी तुकड्यांची गादी शिवू का गं मनीला?"

"नको बाई. त्यातलं एकही नको. माझं ते फाटकं पातळ काढ."

आजीला रसायनशास्त्र ठाऊक नसते. पण तिचा निर्णय शास्त्राला धरूनच आहे. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला. तो मजबूत आहे, सुरकुतत नाही, लवकर वाळतो. साडीसाठी हे सारे गुणच होत. अंथरुणासाठी मात्र तेच उलटतात. शंभर तोळे कोरडा कापूस साध्या हवेतूनच सात-आठ तोळे ओलावा शोषून घेतो. पॉलिएस्टर अर्धा तोळाही शोषीत नाही. पिलांच्या अंथरुणात ओल ही असावयाचीच. सुती कापडात ती खालच्या थरात मुरते व वरचा थर त्यातल्या त्यात कोरडा राहतो. गुळगुळीत कृत्रिम कापडावर ती तशीच साचून पिलाच्या पोटाला लागते. शिवाय त्या निसरड्या पृष्ठावर पिलाचे पाय घसरतात, आणि दूध पिण्यासाठी आईच्या पोटाला पाय रोवून रेटावयाचे असते तेव्हा त्याला आधार मिळत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अशा कापडात विजेचे बारीक चटके बसतात, तेही मांजरीला सोसत नाहीत.

परंतु ओलीपेक्षाही मोठे भय धाग्याचे आहे, आणि ज्या घरात शिवणकाम चालते अशा प्रत्येक घरासाठी, मग ते भेस्तानात असो वा आपल्या गावात, या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय.

मांजरीची जीभ खरखरीत असते, हे आपण सर्व जाणतो. त्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते सगळे आतल्या बाजूस, घशाकडे वळलेले असतात. अंग चाटून साफ करण्यास व हाडावरचे मांस खरवडण्यास ते उपयोगी पडतात. पण एखादा लांब धागा या काट्यांत अडकला, तर मांजरीला तो बाहेर थुंकता येत नाही; प्रत्येक हालचालीने तो आतच सरकतो. पुष्कळदा धाग्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकून राहते आणि उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडे आपल्या स्वभावाप्रमाणे आकुंचन पावत त्याला पुढे ढकलू पाहते. धागा मात्र पुढे जात नाही. मग लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओढली म्हणजे कापड जसे चुणत जाते, तसे आतडे त्या धाग्यावर चुणते. आणि ताणलेला धागा त्याला आतून करवतीसारखा कापू लागतो. पॉलिएस्टरचा धागा पोटात विरघळत नाही व सहजासहजी तुटतही नाही. सुती दोराही निर्धोक नव्हे. सुरतेची जर म्हणाल, तर आज बरीचशी जर ही प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा देऊन केलेली असते. तीही गिळावयाची वस्तू नव्हे.

लक्षणे अशी: मांजर वारंवार ओकते, अन्नाला तोंड लावीत नाही, कोपऱ्यात दडून बसते, पोटाला हात लावू देत नाही. कधी तोंडातून किंवा मागील बाजूने धाग्याचे टोक दिसते. ते टोक दिसले की ओढून काढण्याचा मोह प्रत्येकास होतो. ओढू नये! आतले आतडे त्याने चिरले जाते. एरंडेल पाजणे हाही उपाय नव्हे. तडक पशुवैद्याकडे न्यावे; बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि ती जितकी लवकर तितकी आशा अधिक. भेस्तानपासून दक्षिणेस फार दूर नाही अशा नवसारीत पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु नगावर मिळणाऱ्या पैशांत शस्त्रक्रियेचा खर्च कोणत्या घराला झेपावा? म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर जमिनीवरचे धागे झाडून झाकणाच्या डब्यात टाकणे, आणि सुया मोजून ठेवणे, एवढी शिस्त तरी ज्या घरात मांजर आहे त्या घराने पाळलीच पाहिजे. सुया मोजून ठेवण्याची जुन्या शिंप्यांची सवय अशा घरांनी उचलावी, हे बरे.

मांजरीला अंथरुणाकडून नेमके काय हवे असते, हे आता थोडे पाहू; म्हणजे शिवताना चूक होणार नाही.

घरगुती मांजरीचे पूर्वज म्हणजे आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील कोरड्या, उष्ण प्रदेशातील रानमांजरे. माणसाशी तिची सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इतक्या पिढ्यांनंतरही उबेची तिची आवड गेलेली नाही. तिच्या शरीराची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते, आणि भोवतालची हवा ३० अंशांच्या वर असली म्हणजेच ती खरी सुखात असते. आपल्याला जे गरम वाटते ते तिला बेताचे वाटते. चुलीच्या राखेपाशी ती का बसते, याचे उत्तर हेच.

पिलांची गोष्ट आणखी नाजूक आहे. नऊ आठवड्यांच्या गर्भवासानंतर जन्मलेले पिलू जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचे असते. डोळे मिटलेले, कान बंद. थंडी वाजली तर कुडकुडून अंग तापविण्याची शक्तीही त्याला पहिल्या दिवसांत नसते. आईची ऊब, भावंडांची ऊब आणि खालचे कोरडे अंथरूण, एवढ्यावर त्याचा जीव तगतो. डोळे उघडतात ते साधारणपणे सात ते दहा दिवसांनी. तीन आठवड्यांपर्यंत ते धडपणे चालतही नाही. म्हणजे मांजरीची बिऱ्हाडाची वणवण याच कोवळ्या दिवसांत होते. सुरतेकडे मे महिन्यात उबेची फिकीर नाही. पण आषाढ-श्रावणात जमीन पाझरते, आणि पौषातील पहाटेला फरशी बर्फासारखी होते, तेव्हा खाली चार थर असणे व नसणे यांत पिलाच्या जगण्या-मरण्याचे अंतर असते.

दुसरी गरज आडोशाची. नेदरलँड्समध्ये आश्रयगृहात नव्याने आणलेल्या १९ मांजरांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना लपावयास खोका दिला होता, काहींना नव्हता. खोका मिळालेली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच निवांत झालेली आढळली. दुसऱ्यांना अधिक दिवस लागले. आपल्या आजीबाईंनी हा अभ्यास न वाचताही व्यालेल्या मांजरीला पालथ्या टोपलीचा आडोसा दिला, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता शिवणे. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे, धोतर किंवा चादर घ्यावी. टर्किश टॉवेल घेऊ नये. त्याच्या फासांत पिलाची नखे अडकतात, आणि सोडविण्याच्या धडपडीत पाय मुरगळतो. कृत्रिम कापड ओळखता येत नसेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावे: सुती कापड तो पिऊन टाकते, दुसऱ्यावर तो मोत्यासारखा डोलत राहतो. जरीचे काठ, टिकल्या, हुक, बटणे, लेस हे सारे कापून दूर करावे.

आकार दोन वीत लांब, दोन वीत रुंद, म्हणजे सुमारे १८ इंचांचा चौकोन. मोठे मांजर वेटोळे घालून निजले तर त्यास ही जागा पुरते; आणि याहून मोठे अंथरूण तिला आवडतही नाही, कारण पाठीला कड लागल्याशिवाय तिला सुरक्षित वाटत नाही. खाली-वर धड कापड, आत फाटक्या कापडाचे तीन-चार थर. आत कापूस भरू नये. भरलेला कापूस पावसाळ्यात वाळत नाही, त्याचे गोळे होतात, आणि शिवण उसवली तर पिले तो तोंडात घालतात. कापडाचे थर मात्र धुतल्यावर एका दुपारीत वाळतात. गोधडीची सारी युक्ती थरांतच आहे: दोन थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आणि टाका त्या थरांना सरकू देत नाही.

चारही कडा आत दुमडून घ्याव्यात. कातरलेली कड कोठेही उघडी राहता कामा नये, कारण सुते तेथूनच सुटतात. मग धावदोरा. माणसाच्या गोधडीला टाका जरा लांब पडला तरी चालतो. येथे तो गव्हाच्या दाण्याएवढाच असावा, आणि दोन ओळींत एका बोटाचे अंतर. लांब टाक्यात नख अडकून दोरा वर ओढला जातो, व ज्याचे भय आपण वर सांगितले तेच तयार होते. दोरा दुहेरी सुती.

शिवण कोठून सुरू करावी यावर घरोघरी वेगळी मते ऐकू येतात. कोणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळी घालते. कोणी कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालीत मध्यावर येते. कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियांच्या 'कवंदी' नावाच्या गोधड्या या दुसऱ्या पद्धतीने होतात. सिद्दी हे आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व कॅथोलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि कॅथोलिक घरच्या कवंदीवर क्रुसाची आकृती पुष्कळदा दिसते. कोपऱ्यांवर कापडाची लहान 'फुले' शिवल्याशिवाय त्या बायका कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. फुलांवाचून ती उघडी, असे म्हणतात. मांजरीच्या गोधडीला फुले नकोत, कारण पिले ती चावतील. पण कडेकडून मध्याकडे येण्याची रीत मात्र अवश्य उचलावी. कारण असे, की तिने दोऱ्याची शेवटची गाठ कडेला न पडता मध्यावर पडते. ती गाठ वर न मारता सुई दोन थरांमध्ये घालावी, तेथे तीन वेळा टाका फिरवून घट्ट करावा, आणि उरलेला दोरा वीतभर आतून नेऊन, बाहेर काढून, कापडालगत कापावा. टोक आपोआप आत सरकते. पुरे झाल्यावर सर्व पृष्ठावरून तळहात उलटसुलट फिरवून पाहावा. काही टोचले, काही अडकले, तर तेथे पुन्हा सुई.

आता कड. डोक्यावर घागर घेताना बायका जी चुंबळ करतात, तशीच एक मोठी चुंबळ करावयाची आहे. जुन्या धोतराचा मनगटाएवढा जाड पीळ करावा, त्यावर सुती पट्टीची खोळ शिवावी, आणि तो पीळ गोधडीच्या चारी बाजूंनी ठेवून खालून घट्ट टाक्यांनी जोडावा. मांजर त्यावर मान टेकते. पिले त्याला अडून आतच राहतात. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी गोधडी नुसतीच खोक्यात घालावी. सफरचंदाचा रिकामा खोका उत्तम. त्यातील तारेच्या टाचण्या व चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात, एका बाजूस दार कापावे, पण खालचा पाच इंच भाग तसाच ठेवावा. आई सहज उडी मारते, पिलू तीन आठवडे तरी बाहेर पडत नाही. गोधडीला उशीच्या अभ्र्यासारखा, आत दुमडणारा अभ्रा करावा. चेन नको, बटण नको. अभ्रे दोन असले म्हणजे एक धुण्यात, एक वापरात.

हे सारे मांजर विण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी तयार हवे. व्यायल्यानंतर तिला उचलून नव्या जागी नेणे म्हणजे तिला दुसरे घर शोधावयास सांगणेच होय. जागा घरातील सर्वांत कमी वर्दळीची. भिंतीलगत, वाऱ्याच्या झोताबाहेर, जमिनीपासून विटेवर उचललेली. गोधडी नवी म्हणून साबणाचा वास येत असेल, तर ती आधी दोन दिवस मांजरीच्या नेहमीच्या बसण्याच्या जागी ठेवावी. तिच्या अंगाचा वास लागला म्हणजे ती आपली समजते. समोरच्या पायांनी ती अंथरूण मळू लागली, कणीक तिंबावी तशी, तर पसंती मिळाली असे समजावे. प्रत्यक्ष विण्याच्या वेळी वर जुन्या वर्तमानपत्राचे थर घालावेत व नंतर काढून टाकावेत. पहिला आठवडा मुलांनी दुरूनच पाहावे. येथे घरच्या आईचा धाक उपयोगी पडतो.

धुणे आठवड्यातून एकदा, कढत पाण्यात, आणि वाळवणे कडक उन्हात. पिसवांची अंडी मांजरीच्या अंगावर न राहता अंथरुणातच गळून पडतात आणि तेथेच वाढतात. मांजर कितीही विंचरली आणि गोधडी तशीच ठेवली, तर उपयोग शून्य. मात्र पिसवा मारण्याच्या नादात आपण मांजरच मारीत नाही ना, हे पाहावे. कपड्यांतील डांबरगोळी मांजरीला विष आहे. फिनाईलने पुसलेल्या जमिनीवरून ती चालते आणि मग पाय चाटते, तेही घातक. कुत्र्यासाठी मिळणारी कित्येक पिसवांची औषधे मांजरीला झटके आणून मारतात. आणि माणसाची तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी तर अर्धीसुद्धा देऊ नये. मांजरीचे यकृत हे पदार्थ आपल्यासारखे पचवू शकत नाही. कढत पाणी, साधा साबण व ऊन, एवढेच तिच्या अंथरुणाला लागते.

सुरतेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. १९९४ च्या सप्टेंबरात त्या शहरात प्लेग उद्भवला, लाखो माणसे गाड्या भरभरून बाहेर पडली, आणि त्यानंतर शहराची जी झाडलोट झाली तिची देशभर वाहवा झाली. उंदरांशी झगडा कचरा काढूनच जिंकता येतो, मांजरी पाळून नव्हे. मांजरीला स्वतःलाही तो रोग होऊ शकतो. तेव्हा कोठीतले धान्य राखण्यापुरतेच तिच्यावर विसंबावे. तसेच, मांजर चावली किंवा तिने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा व रेबीजच्या लशीविषयी विचारावे. हळद लावून घरी बसू नये. घरात कोणी गरोदर असेल, तर मांजरीची घाण काढण्याचे काम दुसऱ्याने करावे.

इतके करूनही मांजर त्या अंथरुणाकडे ढुंकून पाहणार नाही, असे होऊ शकते. ती तांदळाच्या कणगीमागे जाईल, किंवा भेस्तानातल्यासारखी साड्यांच्या गठ्ठ्यात शिरेल. रागावू नये. तिने निवडलेली जागा कोरडी व धोक्यावाचूनची असेल, तर खोका तेथेच न्यावा किंवा नुसती गोधडी हळूच खाली सरकवावी. गठ्ठ्यात शिरली असेल तर मात्र साड्याच उचलून दुसरीकडे ठेवाव्यात. तिला उचलू नये.

आठ आठवड्यांनी पिले आईचे दूध सोडतात. तोवर त्यांची घरे ठरवून ठेवावीत, आणि आईला पशुवैद्याकडे नेऊन तिची नसबंदी करून घ्यावी. कारण पिले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि मग हे सारे तीन महिन्यांत पुन्हा आलेच. पिले द्यावयाच्या आदल्या दिवशी गोधडी धुऊ नये. तिचे चार तुकडे करावेत, कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवाव्यात, आणि प्रत्येक पिलाबरोबर एकेक तुकडा द्यावा. नव्या घरी पहिल्या रात्री पिलू ओरडू लागले, की तो तुकडा त्याच्याजवळ ठेवावा. त्यात आईचा वास असतो.